दीर्घकालीन आजाराची नोंद घरी कशी ठेवावी: नव्याने निदान झालेल्यांसाठी

आमच्या आईला मधुमेह आणि रक्तदाब असल्याचे निदान झाले, त्याला आता 11 वर्षे झाली. ती वर्षातले काही महिने ठाण्यात नौपाड्याला माझ्याकडे असते आणि काही महिने नेरूळला धाकट्या भावाकडे. या 11 वर्षांत तिच्या चार वह्या भरल्या. मी डॉक्टर नाही. पण इमारतीत किंवा नातेवाइकांत कोणाच्या हाती पहिल्यांदा असा रिपोर्ट आला की मला तेच ते प्रश्न विचारले जातात, म्हणून हे एकदा सविस्तर लिहीत आहे. औषध कोणते आणि किती, हे ठरवणे डॉक्टरांचे काम आहे. तो निर्णय त्यांना नीट घेता यावा इतकी विश्वासार्ह माहिती त्यांच्यासमोर ठेवणे हे आपले काम आहे, आणि बहुतेक घरांत नेमके तेच राहून जाते.

आधी आजाराचे स्वरूप समजून घ्या

ताप, जुलाब, खोकला हे आजार येतात आणि जातात. मधुमेह, उच्च रक्तदाब, थायरॉईड, दमा, मूत्रपिंडाचा जुनाट विकार हे आजार आटोक्यात राहतात, पण सहसा निघून जात नाहीत. यातला पहिला धोका असा की रक्तदाब आणि साखर वाढलेली असताना माणसाला बहुधा काहीच जाणवत नाही. डोके दुखत नाही म्हणजे दाब ठीक असणार, हा समज चुकीचा आहे. वाढलेला दाब आणि वाढलेली साखर वर्षानुवर्षे रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला इजा करत राहतात, आणि त्याचा परिणाम जिथे रक्तवाहिन्या सर्वांत बारीक असतात अशा डोळ्यांच्या पडद्यावर, मूत्रपिंडांवर, पायांच्या नसांवर आणि त्याबरोबरच हृदयावर व मेंदूवर दिसतो. त्रास जाणवू लागेपर्यंत बरेच नुकसान होऊन गेलेले असते.

दुसरा धोका गोळी बंद करण्याचा आहे. आकडा चांगला आला की अनेक जण गोळी सोडतात. तो आकडा गोळीमुळे चांगला आलेला असतो, ही गोष्ट घरातल्या प्रत्येकाच्या लक्षात आणून द्यावी.

आपल्यालाच हे का झाले, असे मनाला लावून घेण्याचेही कारण नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पुढाकाराने झालेल्या आणि 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे 10.1 कोटी लोकांना मधुमेह आहे, आणि प्रौढांपैकी 35.5 टक्के लोकांना उच्च रक्तदाब आहे. ठाण्याहून सकाळची लोकल पकडणारा, दिवसभर खुर्चीत बसणारा आणि रात्री साडेनऊला जेवणारा माणूस या आकड्यांच्या बाहेरचा नाही.

निदानाचे आकडे स्वतः वाचता आले पाहिजेत. उपाशीपोटी साखर 126 (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर; पुढचे साखरेचे आकडेही याच मापात) किंवा अधिक, अथवा एचबीएवनसी (दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगणारी रक्ततपासणी) 6.5 टक्के किंवा अधिक आली आणि पुन्हा तपासल्यावरही तशीच आली, तर मधुमेह मानतात. उपाशीपोटी 100 ते 125 किंवा एचबीएवनसी 5.7 ते 6.4 ही मधुमेहाच्या उंबरठ्यावरची स्थिती असते. दवाखान्यात वारंवार 140/90 किंवा त्याहून अधिक दाब भरला तर उच्च रक्तदाब म्हणतात. घरी मन शांत असते म्हणून घरच्या सरासरीसाठी हीच रेषा 135/85 धरतात.

रक्तदाब मोजणे

या भागावर मी जास्त लिहिणार आहे, कारण आमची सर्वांत मोठी चूक इथेच झाली. काही वर्षांपूर्वी आई एका दवाखान्यात गेली. दवाखाना तिसऱ्या मजल्यावर होता आणि त्या दिवशी लिफ्ट बंद होती. जिना चढून ती खुर्चीत बसली आणि लगेच पट्टा बांधला गेला. दाब 168/96 भरला, गोळीची मात्रा वाढवली गेली. घरचे आकडे आमच्याकडे नव्हते, त्यामुळे वेगळे सांगण्यासारखे काहीच नव्हते. पाचव्या दिवशी पहाटे अंथरुणातून उठताना तिला चक्कर आली आणि ती न्हाणीघराच्या दाराशी भिंत धरून खाली बसली. शेजाऱ्यांच्या यंत्रावर दाब 102/60 निघाला. त्याच आठवड्यात आम्ही यंत्र आणि पहिली वही विकत आणली.

यंत्र दंडाला पट्टा बांधण्याचे, स्वयंचलित घ्यावे. मनगटाची यंत्रे तितकी भरवशाची नसतात. पट्ट्याचे माप पाहणे विसरू नये. दंडाचा घेर टेपने मोजून खोक्यावर छापलेल्या मापाशी ताडून पाहावा, कारण जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर दाब खऱ्यापेक्षा जास्त दिसतो. नवे यंत्र एकदा डॉक्टरांकडे नेऊन त्यांच्या यंत्राशी पडताळून घ्यावे.

मोजण्याआधी अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू, सिगारेट आणि व्यायाम टाळावा. लघवीला जाऊन यावे, कारण भरलेल्या मूत्राशयानेही आकडा वाढतो. पाठीला आधार असलेल्या खुर्चीत, दोन्ही पाय जमिनीवर टेकवून, पायावर पाय न टाकता 5 मिनिटे शांत बसावे. हात टेबलावर अशा उंचीवर ठेवावा की पट्टा हृदयाच्या पातळीत येईल. हात खाली लोंबकळत असेल तर आकडा चढा येतो. पट्टा उघड्या दंडावर बांधावा, जाड बाहीवर नको. मोजताना बोलू नये, टीव्ही बंद ठेवावा, फोन बाजूला ठेवावा. आमच्याकडे आई खिडकीजवळच्या लाकडी खुर्चीत बसते आणि तिच्या कोपराखाली आम्ही घडी घातलेली चादर ठेवतो, कारण त्या टेबलाची उंची थोडी कमी पडते. इतकी बारीक गोष्टही दर वेळी तशीच ठेवली की आजचा आकडा कालच्या आकड्याशी ताडून पाहता येतो.

पहिल्या दिवशी दोन्ही दंडांवर मोजावे आणि ज्या दंडावर आकडा जास्त येईल तोच पुढे कायम वापरावा. एकदा मोजल्यावर एक मिनिट थांबून पुन्हा मोजावे आणि दोन्ही आकडे लिहावेत. निदान झाल्यावर किंवा औषध बदलल्यावर सलग 7 दिवस, सकाळी गोळी घेण्यापूर्वी आणि संध्याकाळी जेवणापूर्वी असे मोजून, पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढावी. डॉक्टरांना ही सरासरी हवी असते. दाब स्थिर झाल्यावर रोज मोजण्याची गरज नसते. दिवसातून दहा वेळा मोजून घाबरण्याने दाब आणखी वाढतो. आमच्या इमारतीतल्या एका काकांनी याच भीतीने झोप गमावली होती.

वयस्कर माणसांचा दाब बसून मोजल्यावर उभे राहून एक ते तीन मिनिटांतही मोजावा. वरचा आकडा 20 किंवा त्याहून अधिक उतरत असेल तर ते डॉक्टरांना अवश्य सांगावे, कारण असेच लोक रात्री उठताना पडतात.

साखर मोजणे

ग्लुकोमीटर, म्हणजे घरी साखर मोजण्याचे यंत्र, घेताना यंत्राच्या किमतीपेक्षा रक्ताचा थेंब घेणाऱ्या स्ट्रिपची किंमत आणि ती जवळच्या औषधाच्या दुकानात मिळते की नाही हे पाहावे, कारण खर्च पुढे स्ट्रिपवर होत राहतो. स्ट्रिपच्या डबीचे झाकण एक स्ट्रिप काढताच घट्ट लावावे. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये भिंतींना ओल येते आणि डब्यातले पोहे मऊ पडतात; त्या हवेत उघडी राहिलेली स्ट्रिप चुकीचा आकडा दाखवते. डबी स्वयंपाकघरात किंवा न्हाणीघराजवळ ठेवू नये.

हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करावेत. एका मे महिन्यात आईने दुपारी हापूस चिरले, हात नुसते फडक्याला पुसले आणि साखर तपासली. आकडा 248 आला. ती रडवेली झाली, कारण तिने स्वतः एकही फोड खाल्ली नव्हती. साबणाने हात धुऊन दुसऱ्या बोटावर पुन्हा पाहिले तेव्हा 151 निघाला. बोटावर राहिलेला आंब्याचा रस रक्ताच्या थेंबात मिसळला होता. बोटाच्या मधोमध न टोचता कडेला टोचावे, तिथे दुखते कमी. बोटे बदलत राहावीत आणि एकाची सुई दुसऱ्याने कधीही वापरू नये.

घरच्या यंत्राच्या आकड्यात आणि लॅबच्या आकड्यात साधारण 15 टक्क्यांपर्यंतचा फरक मान्य धरला जातो. म्हणजे यंत्रावर 200 दिसले तर लॅबमध्ये 175 ते 235 यांतला कोणताही आकडा येऊ शकतो. म्हणून काल 162 आणि आज 171 आले तर साखर वाढली असे समजू नये. मात्र आठवडाभर सकाळचे आकडे 130 वरून 160, 170, 180 असे सरकत असतील तर त्याला अर्थ आहे. एका आकड्यावरून घाबरू नये आणि एका आकड्यावरून निर्धास्तही होऊ नये, हे मी आईच्या वह्यांतून शिकले.

किती वेळा तपासावे, हे औषधावर अवलंबून असते. इन्सुलिन घेणाऱ्याला दिवसातून अनेकदा तपासावे लागते. केवळ गोळ्या घेणाऱ्या स्थिर रुग्णाला आठवड्यातून काही वेळा पुरते. त्यातही वेळा आलटून पालटून निवडाव्यात: एक दिवस उपाशीपोटी, एक दिवस नाश्त्यानंतर दोन तासांनी, एक दिवस रात्रीच्या जेवणानंतर. जेवणानंतरचे दोन तास पहिल्या घासापासून मोजायचे असतात, हात धुतल्यापासून नाही.

साखर 70 च्या खाली जाणे हे वाढलेल्या साखरेपेक्षा तातडीचे असते. घाम, थरथर, धडधड, अचानक चिडचिड किंवा असंबद्ध बोलणे ही त्याची लक्षणे आहेत. अशा वेळी तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी, 15 मिनिटांनी पुन्हा तपासावे, तरी 70 च्या खालीच असेल तर पुन्हा तेवढीच द्यावी, आणि आकडा वर आल्यावर काहीतरी खाऊ घालावे. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये. सरळ रुग्णालय गाठावे. ग्लिमेपिराइडसारखी साखर फार उतरवू शकणारी गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने खिशात साखरेची पुडी ठेवल्याशिवाय घराबाहेर पडू नये. लोकल दोन स्थानकांच्या मध्ये अर्धा तास थांबली तर गाडीत काही मिळत नाही.

लॅबच्या तपासण्या

एचबीएवनसी ही तपासणी गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगते. लाल पेशी सुमारे 120 दिवस जगतात आणि तेवढ्या काळात त्यांच्यातल्या हिमोग्लोबिनला जितकी साखर चिकटते, तिचे प्रमाण यात मोजले जाते. 7 टक्के म्हणजे सरासरी साधारण 154, 8 टक्के म्हणजे 183. बऱ्याच रुग्णांसाठी 7 च्या खाली असे उद्दिष्ट ठेवतात, पण वयस्कर किंवा इतर आजार असलेल्यांसाठी डॉक्टर ते थोडे सैल ठेवतात. लोह कमी असलेल्या पंडुरोगात हा आकडा खऱ्यापेक्षा जास्त येऊ शकतो. आपल्याकडे स्त्रियांमध्ये रक्त कमी असणे फार आढळते, म्हणून हिमोग्लोबिनचा रिपोर्टही सोबत दाखवावा. औषध बदलले असेल तर ही तपासणी तीन महिन्यांनी आणि सारे स्थिर असेल तर सहा महिन्यांनी करतात.

उपाशीपोटी रक्त देण्यासाठी 8 ते 12 तासांचा उपवास पुरतो. रात्री आठला जेवून सकाळी साडेदहाला लॅबमध्ये पोचणारे अनेक जण उगाचच जास्त वेळ उपाशी राहतात. जेवणानंतरच्या तपासणीच्या दिवशी नेहमीची मधुमेहाची गोळी चुकवली तर औषध लागू पडते की नाही हे कळणारच नाही. त्या दिवशी कोणती गोळी केव्हा घ्यायची हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावे. शक्यतो लॅब एकच ठेवावी.

वर्षातून एकदा करायच्या तपासण्या लोक सर्वाधिक विसरतात. लघवीतल्या अल्ब्युमिन या प्रथिनाचे प्रमाण, रक्तातले क्रिएटिनिन (मूत्रपिंडे बाहेर टाकतात तो टाकाऊ पदार्थ) आणि त्यावरून काढलेली मूत्रपिंडाची कार्यक्षमता, कोलेस्टेरॉल, बाहुली मोठी करून केलेली डोळ्याच्या पडद्याची तपासणी आणि पायांच्या संवेदनेची तपासणी या त्या होत. लघवीत अल्ब्युमिन दिसू लागते तेव्हा क्रिएटिनिन अजून सामान्यच असते, म्हणून केवळ क्रिएटिनिन चांगले आहे यावर समाधान मानू नये. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी अनेक वर्षे चालू असेल, आणि त्यातही आहार शाकाहारी असेल, तर बी-12 तपासावे का हे विचारावे.

खर्चाची अडचण असेल तर महापालिकेच्या नागरी आरोग्य केंद्रात चौकशी करावी. वयाची 30 वर्षे पूर्ण केलेल्यांसाठी रक्तदाब आणि मधुमेहाची प्राथमिक तपासणी राष्ट्रीय कार्यक्रमात समाविष्ट आहे. पुढच्या उपचारांसाठी नवी मुंबई महापालिकेची वाशी, नेरूळ आणि ऐरोली येथे रुग्णालये आहेत, ठाणे महापालिकेचे कळव्यात मोठे रुग्णालय आहे. जनऔषधी केंद्रात याच गोळ्या बऱ्याच कमी दरात मिळतात. चिठ्ठीवरचे औषधाचे मूळ नाव आणि मात्रा जुळते का, एवढे मात्र नीट पाहावे.

इतर आजारांविषयी थोडक्यात

थायरॉईडची गोळी सकाळी उपाशीपोटी नुसत्या पाण्याबरोबर घ्यावी, चहा-नाश्ता किमान अर्ध्या तासाने करावा आणि लोह किंवा कॅल्शियमची गोळी चार तासांनंतर घ्यावी. मात्रा बदलल्यावर टीएसएच ही थायरॉईडची रक्ततपासणी 6 ते 8 आठवड्यांनी तपासतात. त्याआधी तपासून उपयोग नसतो. दम्याच्या रुग्णाने रोजचा पंप आणि धाप लागल्यावरचा पंप यांतला फरक नीट समजून घ्यावा. धाप लागल्यावरचा पंप वारंवार लागू लागला तर दमा आटोक्यात नाही असे समजून डॉक्टरांकडे जावे. हृदय कमजोर असल्याचे सांगितले गेले असेल तर रोज सकाळी लघवीनंतर, खाण्यापूर्वी वजन करावे. दोन-तीन दिवसांत 2 किलो वाढले तर ती चरबी नव्हे, अंगात साठलेले पाणी असते आणि लगेच डॉक्टरांना कळवावे लागते.

वही

मोबाइलमध्ये नोंद ठेवण्यास हरकत नाही, पण वही डॉक्टरांच्या टेबलावर उघडून ठेवता येते आणि एका नजरेत महिना दिसतो. एका दिवसाला एक ओळ पुरते: तारीख, वेळ, दाब, नाडी, साखर आणि शेवटी रुंद रकाना. या शेवटच्या रकान्याचे महत्त्व मला फार उशिरा कळले. त्यात त्या दिवशी वेगळे काय घडले ते लिहायचे: रात्री झोप नाही, लग्नाचे जेवण, सर्दी, गोळी विसरली, गुडघेदुखीची गोळी घेतली. आईचा दाब एका हिवाळ्यात दोन आठवडे चढा होता. वहीत पाहिल्यावर दिसले की त्याच काळात ती गुडघ्यासाठी औषधाच्या दुकानातून आणलेली डायक्लोफेनॅकची गोळी घेत होती. अशा वेदनाशामक गोळ्यांनी दाब वाढतो आणि मूत्रपिंडांवर ताण येतो. डॉक्टरांनी ती बंद केली आणि दाब खाली आला. रक्तदाबाची गोळी वाढवावी लागली नाही.

डॉक्टरांकडे जाताना वही, सर्व गोळ्यांची पाकिटे आणि आदल्या रात्री लिहिलेले तीन प्रश्न न्यावेत. ज्या गोळ्या चुकल्या त्या खऱ्या सांगाव्यात. तक्रारी गोळ्यांशी जोडून सांगाव्यात: रक्तदाबाच्या गोळ्यांपैकी अॅम्लोडिपिनने पायांवर सूज येऊ शकते, रामिप्रिलने कोरडा खोकला येऊ शकतो, आणि दोन्हींना पर्याय असतात. आयुर्वेदिक काढा किंवा कमी सोडियमचे मीठ चालू असेल तर तेही सांगावे. त्या मिठात पोटॅशियम असते आणि मूत्रपिंडाच्या रुग्णाला ते घातक ठरू शकते.

उपवास आणि पावसाळा

चतुर्थी, एकादशी, नवरात्र यांच्या उपवासात दोन्ही बाजूंनी धोका असतो. दिवसभर न खाल्ल्याने साखर उतरते आणि मग साबुदाण्याची खिचडी व बटाट्याने एकदम चढते. उपवास करायचाच असेल तर त्या दिवशी गोळी-इन्सुलिनचे काय करायचे हे आधी डॉक्टरांना विचारावे, अधूनमधून साखर तपासावी, आणि वरी, शेंगदाणे, ताक, काकडी यांचा वापर वाढवून साबुदाणा थोडा ठेवावा. आईला हे पटायला दोन वर्षे लागली. तिने स्वतः तपासलेले आकडे वहीत पाहिले तेव्हाच पटले.

पावसाळ्यात मधुमेही माणसाने रस्त्यावर साचलेल्या पाण्यात अनवाणी किंवा उघड्या चपलांनी जाऊ नये. संवेदना कमी झालेल्या पायाला काच टोचल्याचे कळत नाही, आणि त्या जखमेतून उंदरांच्या लघवीतून पसरणारा लेप्टोसारखा संसर्गही शिरू शकतो. घरी आल्यावर पाय धुऊन, बोटांच्या मधल्या जागा कोरड्या करून, तळवे आरशात किंवा घरातल्या कोणाकडून रोज पाहून घ्यावेत. न उघडलेले इन्सुलिन फ्रीजमध्ये ठेवावे, बर्फाच्या कप्प्यात कधीही नाही. वापरात घेतलेली कुपी साधारण 28 दिवसांनंतर टाकून द्यावी, आणि ती उघडल्याची तारीख तिच्यावरच लिहून ठेवावी.

कधी वाट पाहू नये

चेहरा एका बाजूला ओढला जाणे, एका हातातली शक्ती जाणे, बोलणे अडखळणे यांपैकी काहीही अचानक झाले तर घड्याळ पाहून वेळ लिहावी आणि लगेच निघावे. मेंदूतली गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि घोडबंदर रोडची वाहतूक त्या साडेचार तासांत धरलेली असते. छातीत दडपण आणि घाम, बसूनही लागणारी धाप, दाब 180/120 च्या वर असून डोकेदुखी, धूसर दिसणे किंवा छातीत दुखणे, साखर 300 च्या वर असून उलट्या किंवा गुंगी, या सर्व वेळी 108 वर फोन करावा किंवा मिळेल त्या वाहनाने निघावे. कोणत्या रुग्णालयात जायचे हे घरात आधीच ठरलेले असावे.

त्यासाठी वहीचे पहिले पान आजच भरावे. त्यावर रुग्णाचे नाव, वय, रक्तगट, आजार, चालू गोळ्या मात्रेसह, कोणत्या औषधाची अॅलर्जी आहे, डॉक्टरांचा क्रमांक आणि घरातल्या दोन माणसांचे क्रमांक ठळक अक्षरांत असावेत. गोळी बदलली की त्या ओळीवर काट मारून, तारीख घालून नवी लिहावी. आई ठाण्याहून नेरूळची गाडी पकडते तेव्हा तिच्या पिशवीत सर्वांत वर ती वही असते, आणि ती पोचली की भाऊ आधी पहिले पान पाहतो, मग गोळ्यांचा डबा उघडून त्या पानाशी जुळवून घेतो.